मत एकाला, धोरण दुसऱ्याचे: पिट्सबर्गमधील निकालानंतरची चर्चा

5 नोव्हेंबर 2024 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या मतदानानंतर दुसऱ्या दिवशी पहाटे डोनाल्ड ट्रम्प निवडून आल्याचे स्पष्ट झाले, आणि तेव्हापासून पुण्याहून, साताऱ्याहून, ठाण्याहून ज्यांचे फोन आले त्यांतील बहुतेकांनी मला एकच विचारले, की तिथले आपले लोक कोणाच्या बाजूचे आहेत. विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवे असते, कारण भारतातील वाहिन्यांवर अमेरिकेचा नकाशा लाल आणि निळ्या अशा दोनच रंगांत दिसतो आणि त्या दोन रंगांमागे दोन पूर्ण वेगळी आर्थिक धोरणे उभी आहेत असे गृहीत धरले जाते. आमच्या मित्रमंडळींत निकालानंतर जी चर्चा झाली ती ऐकल्यापासून मला हे गृहीतक खोडून काढावेसे वाटते आहे. मतांची विभागणी एका रेषेवर झाली होती आणि आर्थिक धोरणावरचे मतभेद निराळ्याच रेषेवर होते. एकाच उमेदवाराला मत दिलेले दोघे आयातशुल्कावरून रात्री उशिरापर्यंत भांडत राहिले, आणि विरुद्ध उमेदवारांना मत दिलेले दोघे त्याच प्रश्नावर एकमेकांचे मुद्दे उचलून धरत होते.

पिट्सबर्गमध्ये राहणाऱ्याला या निवडणुकीपासून दूर राहणे शक्य नव्हते. अध्यक्षपद ज्या सात अटीतटीच्या राज्यांवर ठरणार होते त्यांत सर्वाधिक, म्हणजे 19, इलेक्टोरल मते (राज्यनिहाय वाटलेली, अध्यक्ष ठरवणारी मते) आमच्या पेन्सिल्वेनियाची होती. याच राज्यात 2016 साली ट्रम्प सुमारे 44 हजार मतांनी आणि 2020 साली जो बायडन सुमारे 80 हजार मतांनी पुढे राहिले होते. या वेळी ट्रम्प यांची आघाडी सुमारे 1 लाख 20 हजारांची होती. ज्या बटलरमध्ये 13 जुलैला ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला ते गाव आमच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर आहे. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तर दोन्ही उमेदवार याच शहरात होते: ट्रम्प यांची सभा शहराच्या मध्यभागातील पीपीजी पेंट्स अरीनामध्ये झाली आणि कमला हॅरिस यांची मोनोंगहेला नदीकाठच्या कॅरी फर्नेसेस या बंद पडलेल्या लोखंडाच्या भट्ट्यांपाशी. शेवटच्या रात्री बोलण्यासाठी हॅरिस यांनी पोलादाच्या अवशेषांची जागा निवडावी, यातच या भागात मते कशाच्या नावाने मागितली जातात ते कळते.

आमची मंडळी जमली ती शनिवारी, 9 नोव्हेंबरला. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि इथे फराळाचे निमंत्रण सर्वांच्या सोयीने नंतरच्या शनिवार-रविवारी देण्याची पद्धत आहे. यजमानांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावायच्या उष्णतारोधक विटा बनवणाऱ्या कंपनीत अभियंते आहेत आणि त्यांनी ट्रम्प यांना मत दिले. भारतीय किराणा मालाचे दुकान चालवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे मतही ट्रम्प यांनाच. धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, 1970 च्या दशकात इथे आलेले काका हॅरिस यांचे मतदार, आणि मीही. मी रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून काम करते. सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा एक तरुण मित्र एच-1बी व्हिसावर आहे, त्यामुळे त्याला मतच नाही. यांखेरीज दादांच्या आई लातूरहून आल्या होत्या आणि त्यांचे सर्व लक्ष 20 नोव्हेंबरला होणाऱ्या महाराष्ट्र विधानसभेच्या मतदानाकडे लागले होते.

सुरुवात पोलादापासूनच झाली, आणि ते अपेक्षित होते. अँड्र्यू कार्नेगी यांनी 1875 साली ब्रॅडॉक येथे सुरू केलेला एडगर टॉमसन कारखाना आजही चालू आहे, पण नदीच्या पलीकडचा होमस्टेडचा प्रचंड कारखाना 1986 साली कायमचा बंद झाला. आज त्या जागेवर दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपटगृह असलेले वॉटरफ्रंट नावाचे संकुल आहे आणि जुन्या कारखान्याच्या बारा विटांच्या चिमण्या तेवढ्या ओळीने उभ्या ठेवल्या आहेत. 1982 चा संप आणि त्यानंतरचे गिरणगाव ज्यांच्या घरात आठवणीने बोलले जाते त्या वाचकांना ही जागा नव्याने समजावून सांगावी लागणार नाही. लोअर परळला गिरण्यांच्या आवारात मॉल उभे राहिले तसेच हे आहे. 1950 मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या पावणेसात लाखांच्या वर होती, 2020 मध्ये ती तीन लाखांच्या आसपास उरली. शहर रुग्णालये, विद्यापीठे आणि संगणकशास्त्र यांच्या बळावर पुन्हा सावरले, आणि यू. एस. स्टील या पोलाद कंपनीसाठी बांधलेल्या 64 मजली इमारतीच्या माथ्यावर आज यूपीएमसी या रुग्णालय-संस्थेची अक्षरे झळकतात. पण भट्टीवरून घरी गेलेल्या माणसाला रुग्णालयात नोकरी मिळाली असे घडले नाही. सावरले ते शहर, आणि तीही बहुतेक वेळा बाहेरून आलेली माझ्यासारखी माणसे.

काकांनी हा काळ स्वतः पाहिलेला आहे. त्यांचे म्हणणे असे, की आयातशुल्काने वस्तू महाग होते हे पाठ्यपुस्तकात शिकवले जाते ते बरोबरच आहे, परंतु गाव बंद पडल्याची किंमत त्या पुस्तकातल्या समीकरणात कुठेच येत नाही. दादा त्यांच्याशी पूर्ण सहमत होते. 2018 च्या मार्चमध्ये ट्रम्प यांनी आयात पोलादावर 25 टक्के आणि ॲल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावले तेव्हा आपल्या कंपनीच्या ग्राहकांनी दुरुस्तीसाठी थांबवलेल्या भट्ट्या पुन्हा पेटवल्या, हे ते अनुभवाने सांगत होते. काकांनी मग एक दाखला दिला, जो मला फार महत्त्वाचा वाटतो. जमशेटजी टाटा 1902 साली अमेरिकेत आले तेव्हा ते याच पिट्सबर्गच्या ज्युलियन केनेडी या पोलादतज्ज्ञाला भेटले होते, आणि पुढे साकचीचा, म्हणजे आजच्या जमशेदपूरचा, कारखाना उभारण्यात केनेडी यांच्या कंपनीचा हात होता. पहिल्या महायुद्धानंतर परदेशी पोलादाच्या स्वस्ताईपुढे तो कारखाना बुडायला आला होता, आणि तो तगला याचे एक मोठे कारण 1924 चा पोलाद संरक्षण कायदा हे होते. "शुल्क नसतं तर जमशेदपूर कुठे असतं, सांग मला," असे काकांनी माझ्या मैत्रिणीला विचारले.

मैत्रीण गप्प बसणाऱ्यांपैकी नाही. तिचे दुकान मसूर डाळीपासून स्टीलच्या डब्यांपर्यंत जवळजवळ सर्व माल बाहेरून आणते, आणि ज्या उमेदवाराला तिने मत दिले त्याने प्रचारात सर्व देशांच्या मालावर 10 ते 20 टक्के आणि चीनच्या मालावर 60 टक्के शुल्काची भाषा केली होती. "काका, शुल्क चीन भरत नाही, भारतही भरत नाही. कंटेनर बंदरावर उतरला की ते पैसे माझ्या खात्यातून जातात आणि मी ते तुमच्या बिलात लावते," असे तिने स्वच्छ सांगितले. तिने 2018 मधील कपडे धुण्याच्या यंत्रांचे उदाहरण दिले. त्या वर्षी आयात यंत्रांवर शुल्क लागले. फेडरल रिझर्व्ह (अमेरिकेची मध्यवर्ती बँक) आणि शिकागो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञांनी नंतर अभ्यास करून दाखवले की यंत्रांच्या किमती सुमारे 12 टक्क्यांनी वाढल्या, आणि कपडे वाळवण्याची जी यंत्रे त्यांच्या जोडीने विकली जातात त्यांच्या किमतीही जवळजवळ तितक्याच वाढल्या, जरी वाळवण्याच्या यंत्रांवर कोणतेही शुल्क नव्हते. देशात सुमारे 1,800 नोकऱ्या तयार झाल्या, पण ग्राहकांवर पडलेला बोजा त्या नोकऱ्यांत वाटला तर प्रत्येक नोकरीमागे 8 लाख डॉलरहून अधिक खर्च येत होता. दादांनी यावर म्हटले, की प्रत्येक ग्राहकाचे ऐंशी-नव्वद डॉलर गेले हे खरे, परंतु त्या पैशांत एका गावाची शाळा चालू राहते. मैत्रीण म्हणाली, की मग तेवढे पैसे कर म्हणून उघडपणे घ्या आणि थेट त्या गावाला द्या, माझ्या गिऱ्हाइकाकडून गुपचूप कशाला घेता.

हे दोघेही ट्रम्प यांचे मतदार. आणि ज्या बायडन सरकारच्या विरोधात दादांनी मत दिले त्याच सरकारने ट्रम्प यांनी चीनवर लावलेली बहुतेक शुल्के चार वर्षे कायम ठेवली आणि 2024 च्या मे महिन्यात चिनी विजेच्या मोटारींवरचे शुल्क 100 टक्क्यांपर्यंत नेले, हेही त्याच टेबलावर मान्य झाले. मुक्त व्यापाराचा आग्रह धरणारा मोठा पक्ष आज अमेरिकेत उरलेला नाही, त्यामुळे ज्याला तो हवा आहे त्याने मत कोणालाही दिले तरी त्याच्या वाट्याला शुल्कच येते. माझ्या मैत्रिणीची नेमकी हीच अवस्था होती. 2017 च्या करकायद्याने छोट्या व्यवसायांना उत्पन्नाच्या 20 टक्क्यांपर्यंत जी वजावट दिली ती तेव्हाच्या कायद्यानुसार 2025 च्या अखेरीस संपणार होती आणि ती चालू राहावी म्हणून तिने मत दिले, शुल्कासाठी नव्हे.

या वादात माझे मत काकांच्या दाखल्यातूनच तयार झाले, पण काकांना हवे होते तसे नाही. 1924 चा तो कायदा मुदतीचा होता. आधी टॅरिफ बोर्डाने कारखान्याचा खर्च, कामगारांची संख्या, परदेशी मालाचा भाव यांची चौकशी केली, त्यानंतर संरक्षण दिले गेले तेही 1927 पर्यंत, आणि पुन्हा चौकशी करून ते पुढे वाढवण्यात आले. संरक्षण घेणाऱ्याला आपला हिशेब जनतेपुढे मांडावा लागत होता. 2018 ची शुल्के राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाखाली अध्यक्षांच्या आदेशाने आली आणि त्यांना ना मुदत होती ना अट. संरक्षणाला माझा विरोध नाही. ज्या उद्योगाला ते मिळते त्याने त्या काळात नवी भट्टी बांधली की भागधारकांना पैसे वाटले, हे विचारण्याची सोय कायद्यात नसावी, याला आहे. हे मी बोलले तेव्हा दादांनी मान डोलावली आणि काकांनी हरकत घेतली, म्हणजे पुन्हा मतपेटीच्या उलट विभागणी झाली.

निप्पॉन स्टीलचा प्रश्न निघाल्यावर तर सगळे हिशेब विस्कटले. जपानच्या या कंपनीने 2023 च्या डिसेंबरमध्ये यू. एस. स्टील सुमारे 14 अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला. 1901 साली जे. पी. मॉर्गन यांनी कार्नेगींचा कारखाना घेऊन उभी केलेली ही कंपनी परदेशी हातात जाणार म्हटल्यावर ट्रम्प यांनी करार रोखण्याचे आश्वासन दिले, बायडन यांनी कंपनी अमेरिकी मालकीचीच राहिली पाहिजे असे 2024 च्या मार्चमध्ये सांगितले आणि हॅरिस यांनी सप्टेंबरमधील अमेरिकी कामगारदिनी पिट्सबर्गलाच येऊन तेच म्हटले. कामगार संघटनेचे मुख्यालयही याच शहरात आहे आणि तिचे नेतृत्व कराराच्या ठाम विरोधात होते. परंतु ब्रॅडॉक आणि क्लेअरटनच्या कारखान्यांत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांतील बरेच जण आणि त्या गावांचे काही महापौर कराराच्या बाजूने उघडपणे बोलत होते, कारण निप्पॉनने या खोऱ्यातील कारखान्यांत किमान 1 अब्ज डॉलर घालण्याचे कबूल केले होते, तर यू. एस. स्टीलच्या प्रमुखांनी सप्टेंबरमध्ये असे सूचित केले होते की करार मोडला तर जुन्या भट्ट्यांपासून कंपनी दूर जाईल आणि मुख्यालयही पिट्सबर्गमध्ये राहीलच असे नाही.

मी हॅरिस यांना मत दिले आणि या प्रश्नावर त्या चुकल्या असे मला वाटते. जपान हा मित्रदेश आहे, त्याचे तंत्रज्ञान पुढे आहे, आणि दीडशे वर्षांच्या कारखान्यात पैसे घालायला तयार असलेला दुसरा कोणी दिसत नसताना राष्ट्राभिमानासाठी त्याला परत पाठवणे म्हणजे त्या कामगारांच्या जिवावर आपण अभिमान मिरवणे आहे. काकांचे मत अगदी उलट; बाहेरची कंपनी मंदी आली की सर्वांत आधी परदेशातला कारखाना बंद करते, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या अनुभवाला माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. दादा, ज्यांनी करार रोखू पाहणाऱ्या उमेदवाराला मत दिले, ते माझ्या बाजूने बोलले, कारण त्यांच्या कंपनीच्या विटा लागतात त्या चालू भट्टीलाच.

महागाईवरचे बोलणे अधिक व्यथित करणारे होते. काका आणि मी ज्या आकड्यांवर भर देत होतो ते खरे होते: जून 2022 मध्ये 9.1 टक्क्यांवर गेलेला महागाईचा दर तोपर्यंत अडीच टक्क्यांच्या आसपास आला होता, बेरोजगारी 4.1 टक्के होती, आणि मतदानानंतर दोनच दिवसांनी फेडरल रिझर्व्हने व्याजदर पुन्हा पाव टक्क्याने उतरवला. परंतु दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मैत्रिणीने विचारले, की दर उतरला म्हणजे भाव उतरले का. उतरले नाहीत. 2021 च्या सुरुवातीपासून ग्राहक किमतींची एकूण पातळी सुमारे 20 टक्क्यांनी वर गेली आणि तिथेच राहिली. अंड्यांचा डझन 2020 च्या आरंभी दीड डॉलरच्या आसपास होता तो बर्ड फ्लूच्या साथीची भर पडून तोवर सव्वातीन डॉलरच्या वर गेला होता. पगारही वाढले, आणि सरासरीने पाहिले तर बरेचसे भरून निघाले, पण पगारवाढ माणूस स्वतःच्या कष्टाची मानतो आणि भाववाढ सरकारची. त्यात घर घेऊ पाहणाऱ्यांची कोंडी वेगळीच होती. 2021 मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर 3 टक्क्यांच्या खाली होता, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये तो पावणेसात टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे ज्यांनी आधी कर्ज घेतले ते घर विकत नव्हते आणि ज्यांना आता घ्यायचे होते त्यांना परवडत नव्हते. आमच्या गटातही त्या एका वर्षाच्या फरकाने दोन वेगळी आयुष्ये झाली आहेत, मग मत कोणीही कोणालाही दिलेले असो.

या भाववाढीला जबाबदार कोण, यावर फार ताणले गेले. मार्च 2021 मधील बायडन यांची 1.9 ट्रिलियन डॉलरची मदत हे कारण दादांनी पुढे केले, आणि त्यात तथ्य आहे असे अनेक अर्थतज्ज्ञ मानतात. पण 2020 च्या मार्चमधील 2.2 ट्रिलियनच्या मदतीवर सही ट्रम्प यांची होती आणि टपालाने आलेल्या 1,200 डॉलरच्या धनादेशांवर त्यांचे नावही छापलेले होते, हे काकांनी लक्षात आणून दिले. युक्रेनच्या युद्धानंतर युरोक्षेत्रातही महागाई 10 टक्क्यांच्या वर गेली होती. तिथे ना बायडन होते ना ट्रम्प. 2024 च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सत्ताधाऱ्यांना आणि ऑक्टोबरमध्ये जपानच्या सत्ताधाऱ्यांना मतदारांनी जो दणका दिला त्याकडे पाहता, भाववाढीच्या काळात खुर्चीवर असणे हाच गुन्हा ठरतो, असे काकांचे म्हणणे होते. मला ते पटले, तरी त्यामुळे मैत्रिणीच्या गिऱ्हाइकाचे बिल कमी होत नाही हेही तितकेच पटले.

मिसूरी राज्याचा निकाल मी मुद्दाम सांगितला, कारण भारतातील बातम्यांत तो कुठे दिसला नाही. तिथे ट्रम्प मोठ्या फरकाने जिंकले. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच मतदारांनी किमान वेतन 2026 पर्यंत ताशी 15 डॉलर करण्याचा आणि आजारपणाची पगारी रजा देण्याचा प्रस्तावही मंजूर केला, जो हॅरिस यांच्या पक्षाचा कार्यक्रम समजला जातो. देशाचे किमान वेतन 2009 पासून ताशी 7.25 डॉलरवर अडकले आहे आणि पेन्सिल्वेनियातही तेच आहे. दादांनी लगेच सांगितले, की असा प्रस्ताव इथे आला असता तर त्यांनीही त्याच्या बाजूने मत दिले असते.

करांच्या आश्वासनांवर फार वेळ गेला नाही. वाढप्यांच्या टिपांवर आयकर नको, ही घोषणा ट्रम्प यांनी जूनमध्ये लास व्हेगासला केली आणि ऑगस्टमध्ये त्याच शहरात हॅरिस यांनीही ती उचलली. टिपांवर जगणाऱ्यांतील एक तृतीयांशाहून अधिक जणांचे उत्पन्न इतके कमी होते की ते तेव्हाही आयकर भरत नव्हते, त्यामुळे सर्वांत गरजू माणसाला यातून काहीच मिळणार नव्हते. देशावरचे कर्ज तेव्हा 36 ट्रिलियन डॉलरला टेकले होते, दोघांच्याही योजनांनी ते वाढलेच असते, ट्रम्प यांच्या योजनांनी अधिक. त्याबद्दल प्रचारात कोणीच गांभीर्याने बोलले नाही आणि आम्हीही त्या रात्री फारसे बोललो नाही, याचे मला वाईट वाटते.

तरुण मित्र बराच वेळ ऐकत होता. त्याला मत नाही, पण या निकालाचा सर्वाधिक परिणाम कदाचित त्याच्यावरच होणार होता. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे, आणि तिच्यामुळे दहा लाखांहून अधिक भारतीय, कुटुंबीय धरून, रांगेत उभे आहेत. 2020 च्या जूनमध्ये ट्रम्प यांनी नवे एच-1बी व्हिसा वर्षअखेरपर्यंत थांबवले होते, आणि 2024 च्या जूनमध्ये एका मुलाखतीत अमेरिकी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला ग्रीन कार्ड मिळावे असेही तेच म्हणाले होते. यातले कोणते ट्रम्प येणार, हा त्याचा प्रश्न होता. मात्र इथेही रेषा पक्षांच्या मधून जात नाही. ही 7 टक्क्यांची मर्यादा काढून टाकण्याचे विधेयक 2019 मध्ये सिनेटमध्ये मांडले होते ते ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे माइक ली आणि त्या वेळी सिनेटर असलेल्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कमला हॅरिस यांनी मिळून. प्रतिनिधिगृहात त्याच आशयाचे विधेयक 365 विरुद्ध 65 मतांनी मंजूर झाले, आणि तरीही त्याचा कायदा झाला नाही, कारण त्याला अडवणारेही दोन्ही पक्षांत होते. "माझ्या प्रश्नावर त्यांचं एकमत आहे, म्हणूनच तो सुटत नाही, त्यावर कुणाला निवडणूक लढवायची नाही," असे तो म्हणाला. त्याची मुलगी इथे जन्मली, ती नागरिक आहे, आणि 2040 च्या निवडणुकीत तिला मत असेल. तोपर्यंत तिच्या वडिलांना ते मिळेल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. या मुद्द्यावर आम्ही सारे त्याच्या बाजूचे होतो, पण आमच्यापैकी कोणीही केवळ यासाठी आपले मत ठरवलेले नव्हते, आणि हे त्याच्यासमोर कबूल करणे सोपे गेले नाही.

लातूरच्या काकूंनी, म्हणजे दादांच्या आईंनी, चर्चेला जे वळण दिले त्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. त्यांनी मुलाला विचारले, की तुम्ही एवढा वेळ शुल्क-शुल्क करता आहात ते आमच्या तेलावर लागले तसलेच का. 14 सप्टेंबरपासून केंद्राने आयात खाद्यतेलावरचे शुल्क 20 टक्के बिंदूंनी वाढवले, ते सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. दिवाळीच्या तोंडावर तेल महागले, ते त्यांनी स्वतः निघण्यापूर्वी चढ्या भावाने घेतले होते; आणि सोयाबीन मात्र 4,892 रुपयांच्या हमीभावाच्या खालीच विकले जात होते. "तेल महाग झालं, सोयाबीनला भाव नाही. मग मधले पैसे गेले कुठे?" असे त्यांनी विचारले, आणि ब्रॅडॉकच्या भट्टीपेक्षा लातूरच्या अडतीवर हा प्रश्न अधिक धारदार झाला. संरक्षणाचा लाभ ज्याच्या नावाने मागितला जातो त्याच्यापर्यंत तो पोहोचतो का, हे तपासण्याची यंत्रणा तिथेही नाही आणि इथेही नाही.

त्यांनीच पुढे महिन्याच्या पैशांचा विषय काढला. 2024 च्या जुलैपासून लाडकी बहीण योजनेत 1,500 रुपये मिळत होते, प्रचारात महायुती 2,100 म्हणत होती आणि महाविकास आघाडी 3,000. माझ्या मैत्रिणीने याला पैशाने मते घेणे म्हटले, तेव्हा काकूंनी तिला थांबवले. त्यांच्या शेजारच्या बाईच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावाने पैसे आले आहेत आणि ते कोणाला विचारून खर्च करावे लागत नाहीत, हे त्यांनी शांतपणे सांगितले. दोन्ही बाजू देणारच आहेत, तेव्हा त्या बाईचे मत त्यावर ठरणार नाही, ते सोयाबीनवर ठरेल किंवा जातीवर ठरेल किंवा उमेदवार अडीनडीला दारात येतो की नाही यावर, असेही त्या म्हणाल्या. 1,200 डॉलरच्या धनादेशावर ट्रम्प यांचे नाव होते हे काकांनी पुन्हा सांगितले, आणि या वेळी दादांनीही ते हसून मान्य केले.

घरच्या वाचकांना म्हणून माझी एक विनंती आहे. इथल्या आपल्या माणसाला फोन कराल तेव्हा त्याने कोणाला मत दिले हे जरूर विचारा, पण त्यावरून शुल्क, किमान वेतन, व्हिसा आणि महागाई यांबद्दल तो काय मानतो हे ठरवू नका; तेही एकेक करून विचारा, आणि त्यातून त्याला स्वतःला काय मिळते किंवा काय सोसावे लागते हेही विचारा. दादांच्या विटा, मैत्रिणीचे कंटेनर, माझ्या रुग्णालयात इन्सुलिनसाठी येणारे वृद्ध ज्यांना 2023 पासून महिन्याला 35 डॉलरहून अधिक द्यावे लागत नाहीत, हे सर्व आमच्या मतांच्या मागे आहे आणि ते लपवण्यासारखे नाही.

निप्पॉनच्या कराराची तपासणी करणाऱ्या केंद्रीय समितीचा निर्णय तेव्हा 2024 च्या अखेरपर्यंत अपेक्षित होता. 2017 च्या करकायद्यातील व्यक्तींना आणि छोट्या व्यवसायांना दिलेल्या बहुतेक सवलती 2025 च्या अखेरीस संपणार होत्या, आणि नवी शुल्के आली तर ती बहुधा त्याआधीच येतील असे दिसत होते. माझ्या मैत्रिणीने पुढच्या वर्षाचा काही माल जानेवारीपूर्वीच मागवून ठेवायचे ठरवले होते, आणि त्यासाठी लागणारे कर्ज तिला साडेआठ टक्क्यांनी मिळत होते. तिने हा हिशेब कागदावर मांडून दादांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो वाचून घेतला आणि शुल्क लावूच नये असे नाही, पण ते लावण्याची तारीख आधी जाहीर व्हावी, इतके तरी मान्य केले.